बर्फावरचं नाणं

“डॉक्टर, ह्या फ्रीजरमधली कुठली वस्तू खराब झाली तर तुम्ही रडाल?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि रोमिनाचे कान तापले. तिच्या मागे मिका आणि ताती एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. पैजच तशी लागली होती. शाळेची सहल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाणार हे कळल्यापासून वर्गात एकच विषय होता: डॉक्टर मिर्ता. ह्या बाईंना हसताना अख्ख्या साल्तो गावात कुणी पाहिलं नव्हतं, आणि रडताना तर देवानंही पाहिलं नसेल. “लुकडे, तू विचारून दाखव,” मिका म्हणाली होती, “नाहीतर महिनाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर.”

आता हीच रोमिना मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा अडखळायची. यंदा काय झालं कोण जाणे, तिला एकाएकी स्वतःचा आवाज सापडला होता, आणि नवी सायकल मिळालेल्या पोरीसारखी ती तो गावभर फिरवत सुटली होती.

“मी? रडणार?” डॉक्टर मिर्तांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी बोळातल्या कोनाड्यात बसवलेला कमरेएवढा फ्रीजर उघडला आणि करंगळीच्या पेराएवढी एक प्लॅस्टिकची कुपी चिमटीत धरून वर केली. तळाशी पाण्यासारखा एक थेंब. “ही. आणि मी रडणार नाही, मी ओरडेन. रडेल ती.”

ती म्हणजे दाराशी उभी असलेली फाबियाना, सगळ्यांची फाबी, पीएचडी करणारी, विस्कटलेल्या केसांची, पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन पेनं आणि अर्धं बिस्कीट असलेली.

“पण आहे काय त्यात?” रोमिनाची गाडी आता थांबायला तयार नव्हती.

“एक एन्झाइम. म्हणजे काम करणारं प्रथिन. डीएनएचा धागा हे अक्षर अक्षर वाचत जातं. आठ अक्षरांचा एक ठरावीक शब्द सापडला की तिथेच कापतं. दुसरीकडे कुठे बोटसुद्धा लावत नाही.”

“म्हणजे कात्री!”

“वाचता येणारी कात्री. परदेशातून येते, बर्फात बसून. ह्या वेळी तिचे कागद पाच महिने ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरले.” डॉक्टरांनी कुपी परत ठेवली, दार लावलं, आणि रोमिनाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “तुला प्रश्न विचारता येतात. काचेची भांडी धुता येतात का?”

अशी ती डिसेंबरच्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्याच्या, सुट्टीत प्रयोगशाळेत शिरली. शाळेच्या कागदावर आईनं सही केली, बाबा म्हणाले, “घरची भांडी धुवायला कुणी अर्ज केलेला नाही आजवर,” आणि मिका-तातींनी नदीवर पोहायला जायच्या बेतातून तिचं नाव वजा केलं. रोमिनाला कशाचं काही वाटलं नाही. ती हवेत होती.

फाबीनं तिला पहिल्याच दिवशी सगळं समजावून दिलं. कुत्र्यांच्या पोटात एक पट्टकृमी असतो, त्याची अंडी मेंढ्यांच्या पोटात गेली की यकृतात पाण्याच्या गाठी धरतात, आणि माणसाच्या पोटात गेली तरी तेच. “माझ्या आजीच्या पोटातून संत्र्याएवढी काढली,” फाबी म्हणाली, “तोवर ती म्हणत होती, गॅस आहे.” ह्या गाठीतलं एक प्रथिन फाबीला भरपूर हवं होतं. ते हाताशी असलं तर रक्ताच्या एका थेंबावरून रोग ओळखता येईल, पोट फाडायची वेळ येण्याआधी. त्यासाठी कृमीच्या डीएनएमधून त्या प्रथिनाचं जनुक कापून काढायचं, जीवाणूत बसवायचं, आणि जीवाणूकडून ते प्रथिन करवून घ्यायचं.

“जीवाणूला फसवायचं?”

“कामाला लावायचं. फसवणं वेगळं.”

तीन महिने फाबी पहाटे कत्तलखान्यात जाऊन मेंढ्यांची यकृतं उलटीपालटी करत होती. त्या गाठींमधून तिनं जो डीएनए गोळा केला तो एका कुपीत मावत होता, आणि ती कुपी आत मोठ्या फ्रीजरमध्ये होती. कात्री बोळातल्या लहान फ्रीजरमध्ये. प्रयोगशाळा सुट्ट्यांसाठी बंद व्हायच्या आधी कापणी जमली, तरच शिष्यवृत्ती पुढे चालणार होती.

त्या लहान फ्रीजरमध्ये एक कप होता. त्यात पाणी गोठवून वर एक नाणं ठेवलेलं.

“नवस बोललात का कसला?” रोमिनानं विचारलं.

“हा आमचा पहारेकरी.” फाबीनं कप डोळ्यासमोर धरला. “आपण नसताना वीज गेली तर बर्फ वितळतं आणि नाणं तळाला जातं. मग वीज आली, पाणी परत गोठलं, तरी नाणं तळालाच राहतं. एन्झाइम मेलं तर दिसून येत नाही. ह्या थेंबात ग्लिसरीन असतं, तो ह्या थंडीतही गोठत नाही, म्हणून मेलेलं आणि जिवंत दिसायला एकसारखं. नाणं तेवढं खरं सांगतं. सकाळी आले की आधी नाण्याला नमस्कार.”

“नाण्याला नमस्कार,” रोमिना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते घडलं.

दुपारचे साडेतीन. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून झोपलेली. डॉक्टर मिर्ता कागदातून मान वर न करता म्हणाल्या, “मुली, आज चहा तू पाज.”

येर्बाच्या पाल्याचा कडू चहा पाजणं म्हणजे काही कपबशा मांडणं नव्हे. सुक्या भोपळ्याचा पेला एकच, ओढायची नळी एकच, आणि पाजणाऱ्याच्या हाताला सगळे तोंडं लावून बसलेले. पाणी उकळलं की येर्बा करपते, कोमट राहिलं की लोक तोंडावर बोलतात. पाहुण्या पोरीला कुणी पाजायला सांगत नाही. घरच्या माणसालाच सांगतात.

ती धावतच स्वयंपाकाच्या खोलीत गेली. किटली नवी होती, तिचा प्लग जाड आणि गोल. भिंतीतली भोकं तीन, बारीक, एका ओळीत. आता ही तर देशभरची रड. भिंत एका जातीची, वस्तू दुसऱ्या जातीची, आणि मध्ये सोयरीक जुळवणारा अडॅप्टर. तो गरज पडली की नेमका कुणीतरी नेलेला असतो. रोमिनानं दोन खण उघडले, तीन उघडले. नाही. बोळात आली. कपाटाच्या मागे, जमिनीलगत, एका सॉकेटमध्ये एक पांढरा अडॅप्टर होता आणि त्यात कसलीशी करडी वायर खोचलेली. वायर कपाटामागे जाऊन कुठेतरी नाहीशी होत होती. तिथे पूर्वी एक जुना पंखा असायचा. त्याचीच असणार.

पाच मिनिटांचा तर प्रश्न, ती मनात म्हणाली, आणि अडॅप्टर उपटला.

चहा झकास झाला. डॉक्टर मिर्तांनी नळीतून शेवटचा भुरका घेतला, भोपळा परत केला आणि म्हणाल्या, “हात आहे तुला.” एवढंच. पण मिर्ताबाईंच्या तोंडून एवढंच म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून भाषण. मग बाहेर मिकानं सायकलची घंटी बडवली, “ए शास्त्रज्ञ, नदी वाट बघतेय!” आणि रोमिना कोट भिरकावून पळाली. किटली स्वयंपाकाच्या खोलीत राहिली, अडॅप्टर तिच्या पायाशी.

शनिवार मजेत गेला. रविवारी बाबा अंगणात मांस भाजायला बसले होते. निखारे नीट धरेनात म्हणून त्यांनी टेबलावरचा पंखा आणला, वायर ओढत ओढत भिंतीपर्यंत नेली आणि बोंब ठोकली:

“अडॅप्टर कुणी नेला? सांगून ठेवतो, ह्या घरातलं कुणीतरी एक दिवस इस्पितळात माझ्या छातीवरची यंत्रं बंद करून स्वतःचा फोन चार्जिंगला लावेल!”

आई हसली. रोमिनाही हसायला गेली आणि मधेच थांबली. करडी वायर. कपाटामागे जाणारी. कपाटाच्या पलीकडे काय होतं? कपाटाच्या पलीकडे कोनाडा होता, आणि कोनाड्यात...

तिच्या हातातला पाव खाली पडला. कुत्र्यानं तो तत्परतेनं उचलला.

“काय गं? पांढरीफटक पडलीस.” आईनं कपाळाला हात लावला.

“वही. वही राहिली लॅबमध्ये. आलेच.”

“मांस आत्ता होतंय! रविवारी कसली वही?” बाबा ओरडले, पण सायकल फाटकाबाहेर पडली होती.

रस्ते रिकामे. सगळं गाव जेवून झोपेच्या वाटेला लागलेलं. रोमिना पायडल मारत होती आणि डोक्यात तास मोजत होती. शुक्रवारी चार ते शनिवारी चार, चोवीस. शनिवारी चार ते आज दोन, बावीस. सेहेचाळीस तास, आणि हा उन्हाळा. पंखाच असेल, ती स्वतःला सांगत होती. देवा, तो पंखाच असू दे. मी परत कध्धी कुणाला आगाऊ प्रश्न विचारणार नाही.

फाटकावर पहारेकरी वॉशिंग्टनकाका खुर्चीत बसून रेडिओवर फुटबॉल ऐकत होते, थर्मास काखेत.

“रविवारी अभ्यास? ताप आहे का तुला?”

“वही राहिली, काका.”

“जा, बोळ उघडा आहे. पण गोल झाला की मी कुलूप लावणार, आणि आमच्या संघाचं बघता तुला ख्रिसमसपर्यंत वेळ आहे.”

तिला हसू आलं नाही. बोळात शिरल्यावर पहिली गोष्ट कळली ती शांतता. फ्रीजर नेहमी गुणगुणायचा, इतका की तो गुणगुणतो हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. आता कोनाडा गप्प होता. खाली फरशीवर पाण्याचा ओघळ.

तिनं दार उघडलं. आतून बंद कपाटाला येतो तसा कोमट, ओला वास आला. पुठ्ठ्याचे डबे मऊ पडले होते. कपात पाणी होतं, स्वच्छ, बिनबर्फाचं, आणि तळाशी नाणं.

रोमिना तिथेच फरशीवर बसली. तिनं कात्रीची कुपी काढली आणि उजेडात धरली. थेंब तसाच होता, पारदर्शक, निरागस. तिनं तो हलवला. जिवंत आहेस का रे? थेंबाला काही नाडी नसते.

मग तिचे हात आपोआप चालू लागले. स्वयंपाकाच्या खोलीतून अडॅप्टर आणला, वायर जोडली. फ्रीजर थरथरला आणि गुणगुणू लागला. डबे कोरडे केले. फरशी पुसली. आणि हे सगळं झाल्यावर, दार लावायच्या आधी, तिनं दोन बोटं कपात बुडवून नाणं बाहेर काढलं.

का काढलं? त्या क्षणी तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ओलं राहू नये म्हणून. पण नाणं तिनं पुसून खिशात ठेवलं, आणि खिशात ते घरापर्यंत मांडीला टोचत राहिलं.

सोमवारी सकाळी सातला ती सगळ्यांच्या आधी हजर. “परत तू?” वॉशिंग्टनकाका म्हणाले, “तुझी वही काय अंडी घालते का इथे?” कपातलं पाणी दगडासारखं गोठलं होतं. तिनं नाणं वर ठेवलं. ते घसरलं. तिनं नळाखाली बोट ओलं करून दोन थेंब सोडले, नाणं दाबून धरलं, बोट बधिर होईपर्यंत. चिकटलं. अगदी पूर्वीसारखं. जी एक वस्तू इथे खोटं बोलत नव्हती, तिलाही तिनं शिकवून टाकलं.

साडेआठला फाबी शीळ घालत आली. फ्रीजर उघडला. “नाण्याला नमस्कार!” आणि कुपी बर्फाच्या डबीत ठेवून आत गेली. “चल, लुकडे, आज कापाकापी!”

कदाचित मेलं नसेल, रोमिना दिवसभर घोकत होती. एन्झाइम चिवट असतात. काही तर उकळत्या झऱ्यांत राहतात. गावाबाहेरच्या गरम कुंडांवर बाबा पंप सांभाळतात, तिथल्या पाण्यातही जीवाणू असतात, त्यांना कुठे काय होतं?

मंगळवारी निकाल आला. जेलीच्या पाटावर डीएनए पळवला की कापलेले तुकडे पुढे जातात आणि निळ्या उजेडात दोन पट्टे दिसतात. दिसला एकच. जाड, वर, जिथला तिथे. काहीही कापलं गेलेलं नव्हतं.

“विसरले असेन काहीतरी,” फाबी हसून म्हणाली. “मीठ घालायला विसरले तर माझी आजी पण असाच चेहरा करते. परत लावू. जास्त वेळ ठेवू.”

रोमिनानं संध्याकाळी मिकाला सगळं सांगून टाकलं. मिकानं च्युइंगमचा फुगा फोडला. “परत गोठलं ना? मग झालं तर. कुणी बघितलं?”

“नाही.”

“मग कुणी केलंच नाही. गप बस, शहाणे. एवढी वर्षं गप्पच होतीस की, आत्ता काय अवघड आहे?”

ते शेवटचं वाक्य मात्र रोमिनाला रात्रभर लागून राहिलं.

बुधवारी सकाळी दुसरा निकाल. एकच पट्टा. फाबी ह्या वेळी हसली नाही. तिनं पाट उजेडाखाली ठेवला, मान तिरकी करून पाहिलं, मग दिवा बंद केला, परत लावला, जणू अंधारात पट्टे जागा बदलतील. डॉक्टर मिर्ता तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. रोमिना बेसिनपाशी एकच चंचुपात्र पाच मिनिटं धुत होती.

“कात्री तपासून बघू का?” फाबीनं विचारलं. “दुसऱ्या एखाद्या डीएनएवर?”

“कितीदा पुरेल एवढी उरलीय?”

“एकदा. फार तर दोनदा.”

“मग शंकेपायी उडवायची नाही. कात्री येऊन तीन आठवडे झालेत. वीज गेली नाही. नाणं वर आहे.” डॉक्टरांचा आवाज कडक नव्हता, आणि त्यानंच जास्त भीती वाटली. “मुली, खोट तुझ्या डीएनएत आहे. गाठींमधली घाण त्यात राहिली असणार. चार वाजता तो ओतून टाक, कुपी धुवायला दे. मार्चमध्ये कत्तलखान्यातून नव्या गाठी आणू.”

“तीन महिने, डॉक्टर.”

“मला ठाऊक आहे.”

फाबी बोळात आली, फ्रीजरला पाठ टेकून खाली बसली. रोमिनाला पळून जायचं होतं. ती शेजारी बसली. पाठीमागे फ्रीजर गुणगुणत होता.

“मार्चमध्ये मी नसणार,” फाबी म्हणाली. “आर्तिगासला मामाचं दुकान आहे, चाऱ्याचं. तो केव्हाचा म्हणतोय, ये म्हणून.”

“का पण? परत केलंस तर...”

“हात लागतात गं ह्या कामाला. काहींना असतात, काहींना नसतात. मी कितीही निगुतीनं केलं तरी कुठेतरी घाण करते. आज कळलं एवढंच.” तिनं खिशातलं अर्धं बिस्कीट काढलं, पाहिलं, रोमिनाला दिलं. “तुला आहेत. चहा कसला पाजलास त्या दिवशी.”

बिस्कीट रोमिनाच्या हातात विरघळून चिकट झालं. तोंड उघडलं की सगळं बाहेर पडेल असं वाटत होतं, आणि तोंड उघडतच नव्हतं. हजेरीच्या वेळचं ते जुनं कुलूप, परत लागलेलं. “जेवून येते,” ती कशीबशी म्हणाली. साडेबारा वाजले होते.

घरी आईनं कटलेट तळले होते, मोठाले, ताटाबाहेर जाणारे. बाबा गरम कुंडावरून जेवायला आलेले, केसांना गंधकाचा वास. रोमिनानं काटा उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

“कुणी छळतंय का तिथे?” आईनं विचारलं. “रविवारपासून बघतेय. पाखरागत खातेस.”

“मीच छळतेय,” रोमिना म्हणाली, आणि रडू फुटलं. असं की नाक, डोळे, लिंबू, कटलेट सगळं एक झालं. त्या रडण्यातूनच तिनं सांगितलं. करडी वायर, कोमट वास, नाणं. फाबीचे हात. चार वाजता.

“पण काय गं,” बाबा म्हणाले, “एवढी महागामोलाची वस्तू आणि फ्रीजरला स्वतःचं सॉकेट नको? वायरवर दोन शब्द लिहायला नकोत, काढू नका म्हणून? आमच्या पंपावर लिहिलंय की. चूक त्यांची आहे.”

“चूक त्यांची, आणि काढला कुणी? सही माझी आहे त्या कागदावर,” आई म्हणाली. “उद्या शाळेत बोलावतील. सगळ्या गावात होईल, सिल्वानाच्या पोरीनं विद्यापीठाचं वाटोळं केलं.”

“थांब गं. थांबा दोघी.” बाबांनी ताट बाजूला सारलं. आता त्यांचा चेहरा पंप बिघडल्यावर होतो तसा झाला होता, काळजीचा आणि जरासा खुशीतला. “हिला सांगायचंय काय? की एन्झाइम मेलंय, डीएनए चांगला आहे, ओतू नका. बरोबर? मग मी फोन करतो. मी सांगतो, शनिवारी तुमच्या भागात वीज गेली होती, आमच्या माणसानं सांगितलं. तेवढ्यावर ते तपासतील. डीएनए वाचला, ती पोरगी वाचली, आणि ही पण वाचली. कुणाचं काही गेलं का?”

रोमिनानं डोळे पुसले. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच तिला श्वास पुरता आत गेल्यासारखं वाटलं. वीज गेली होती! किती सोपं. डिसेंबरात वीज जातेच. कुणाला नवल वाटणार नाही. फाबी परत शीळ घालेल, डॉक्टर परत म्हणतील, मुली, चहा तू पाज. बाबांनी फोन खिशातून काढलासुद्धा होता.

“नंबर सांग.”

तिनं पहिले तीन आकडे सांगितले. आणि थांबली.

“बाबा, वीज गेली असती तर नाणं तळाला गेलं असतं.”

“मग?”

“ते वर आहे. डॉक्टर नाण्याच्याच भरवशावर आहेत. वीज गेली म्हटलं की त्या आधी नाणं बघतील. विचारतील, मग हे वर कसं? कुणी ठेवलं?”

“कुणीतरी ठेवलं असेल.”

“नाणं फाबी बघते. रोज सकाळी तीच बघते, बाबा. तिच्याशिवाय त्या फ्रीजरला कुणी हात लावत नाही. त्या म्हणतील, कात्री हिनं बिघडवली आणि वरून नाणंही हिनंच चिकटवलं. घाण हात एक वेळ परवडले. हे तिला कुणी विसरू देणार नाही.”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी फोनकडे पाहिलं. फोनचा उजेड हळूहळू विझला.

“तुला काढून टाकतील,” आई हलकेच म्हणाली. आता तिच्या आवाजात गाव नव्हतं, फक्त ती होती. “तुला तिथे किती आवडतं. मी तुला असं कधी बघितलं नव्हतं, रोमी. बडबडताना.”

“माहितीये.”

घड्याळात पावणेदोन झाले होते. बाहेर गल्लीत झडपा एकेक करून बंद होत होत्या, गाव झोपायला निघालं होतं. चार वाजायला अजून वेळ होता, पण फाबीचा काही भरवसा नव्हता. जे करायचंच आहे ते ती आधीच उरकून टाकायची. तिनं खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. मी आत्ता जातेय आणि डॉक्टरांना सांगतेय, फाबीच्या समोर. अडॅप्टर मी काढला, आणि नाणं मी वर चिकटवलं. नाण्याचं आधी सांगणार. मग त्या ओरडू देत, शाळेला कळवू देत, दारातून हाकलू देत. आणि बाबा, तू गाडी काढू नकोस, मी सायकलनं जाते.”